मेळघाट शिकवायचा तर कोरकूंपासून

अमरावती आणि अकोल्याच्या शाळांची सहल हिवाळ्यात हमखास चिखलदऱ्याला जाते. परतवाडा मागे पडलं की घाट लागतो आणि मुलं खिडक्यांना चिकटतात. वर पोचल्यावर भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड आणि अंधार पडायच्या आत परतीचा प्रवास. कीचकाची गोष्ट सांगितली जाते, गाविलगडाची लढाई सांगितली जाते. रस्त्यालगतच्या ज्या गावांमधून बस गेली त्या गावांत कोण राहतं, घरात कोणती भाषा बोलतात, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे दहावी झालेल्या मुलाला मेळघाट म्हटलं की वाघ आठवतो, नाहीतर कुपोषण. तिथे शेकडो वर्षं नांदत आलेला कोरकू समाज त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही. हे बदलता येतं, आणि त्यासाठी नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहायची गरज नाही. परिसर अभ्यास, इतिहास, भूगोल, मराठी आणि संस्कृत या चालू विषयांतच त्याला भरपूर जागा आहे.

कोरकू कोण, कुठे राहतात

सातपुड्याच्या मधल्या पट्ट्यात कोरकूंची वस्ती आहे. महाराष्ट्रात ती मुख्यतः अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, शिवाय अकोल्यात अकोट-तेल्हाऱ्याकडे आणि बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला. डोंगर ओलांडला की बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा, छिंदवाडा. मध्ये राज्याची सीमा आहे खरी, पण ती अलीकडची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा ती पडली. त्याआधी दोन्हीकडचे कोरकू एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, आणि सोयरीक, बाजार, देव यांच्या बाबतीत अजूनही एकच आहेत. धारणीच्या बाजारात मराठीपेक्षा हिंदी जास्त ऐकू येते त्याचं कारण हेच. तिथल्या व्यापाराचं तोंड पूर्वापार बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे आहे.

२०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वासात लाख लोक होते. धारणी आणि चिखलदरा हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतात, आणि मेळघाट विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला पाचवी अनुसूची शिकवताना गडचिरोलीचंच उदाहरण शोधायचं कारण नाही. अमरावतीच्या मुलासाठी ते ऐंशीएक किलोमीटरवर आहे.

मेळघाटात फक्त कोरकू राहतात असंही मुलांना वाटू नये. गोंड आहेत, गवळी आहेत, बलई आहेत, आणि निहाल आहेत. निहालांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. बोलणारे जेमतेम दोनेक हजार उरलेत आणि ते बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, म्हणजे अकोल्याच्या शेजारीच आहेत. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ जिच्यासाठी जळगाव जामोदची वाट धरतात, त्या भाषेचं नावही आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही याचं वाईट वाटतं.

भाषा: कानानं शिकायचा धडा

कोरकूला सर्रास ‘बोली’ म्हटलं जातं, जणू ती मराठीचीच एखादी जंगली शाखा. तसं मुळीच नाही. मराठी इंडो-आर्य कुळातली, गोंडी द्राविडी, आणि कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली. तिच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे संथाली, मुंडारी, हो, झारखंड-ओडिशा-बंगालकडे बोलल्या जातात. या बहिणींमध्ये सर्वांत पश्चिमेला येऊन राहिलेली ती कोरकू. म्हणजे आपल्या एका मेळघाटात तीन मोठी भाषाकुळं आणि वर एकटी निहाली नांदतात. भारताच्या नकाशावर इतकी दाटी फार थोड्या ठिकाणी सापडेल.

वर्गात हे तक्ता लावून शिकवू नये, आकडे मोजून शिकवावं. कोरकूत दोनला ‘बारी’, सहाला ‘तुरुई’, दहाला ‘गेल’ म्हणतात. उच्चार गावागणिक थोडा बदलतो. संथालीत हेच आकडे ‘बार’, ‘तुरुय’, ‘गेल’. हजार किलोमीटरवरच्या दोन समाजांचे आकडे असे जुळतात हे मुलांनी स्वतःच्या कानानं ऐकलं की भाषाकुळ म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गंमत आठवीच्या संस्कृतच्या तासाला. तिथे मुलं देवः, देवौ, देवाः घोकतात आणि द्विवचन ही मेलेल्या काळातली कटकट समजतात. कोरकूत द्विवचन जिवंत आहे. माणूस म्हणजे ‘कोरो’, दोन माणसं ‘कोरोकिंग’, अनेक माणसं ‘कोरोकू’. समाजाचं नावही त्यावरूनच पडलं असं मानतात. ज्या मुलीला मराठी कच्चं म्हणून मागच्या बाकावर बसवलं जातं, तिच्या घरात चार वर्षांचं पोरही द्विवचन न चुकता वापरतं. मराठीतल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन शब्दांत जो भेद आहे, समोरच्याला धरून की सोडून, तोही कोरकूत आहे. हिंदी ‘हम’मध्ये तो नाही. एवढी एकच गोष्ट वर्गात सांगितली तरी कोरकू मुलाची मान वर होते.

नकाशावरही कोरकू शब्द आहेत. सिपना नदी सगळ्यांना माहीत असते, अमरावतीत त्या नावाचं महाविद्यालयही आहे. कोरकूत सिपना म्हणजे साग. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्या तापीला मिळतात. भूगोलाच्या वहीत त्या काढताना सागाच्या रानातून वाहणारी ती सिपना, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

कोरकूचा अभ्यास आजचा नाही. जॉन ड्रेक यांचं व्याकरण १९०३ साली कलकत्त्याला छापलं गेलं. के. एस. नागराज यांचं व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असलेलं पुस्तक १९९९ मध्ये टोकियोहून निघालं. अमरावतीच्या पोराला मात्र दहा कोरकू शब्द येत नाहीत.

गाव कसं बसतं

जुनं कोरकू गाव ओळखायची खूण म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा आणि मधून रुंद रस्ता. बांबूच्या तट्ट्यावर माती-शेणाचा लेप दिलेल्या भिंती, वर कौलं. अंगण झाडून-सारवून लख्ख. गावाला मुठवा देव असतो, त्याचे दगड मांडलेले असतात. गावकीचं पाहायला आडा पटेल आणि चौधरी, देवाधर्माचं आणि औषधपाण्याचं पाहायला भूमका आणि पडियार. लग्न, भांडण, सण, साऱ्याचा निवाडा या माणसांसमोर बसून व्हायचा. अजूनही बराच तिथेच होतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला जे स्थान दिलं, त्याची सवय या गावांना आधीपासून होती असं माझं मत आहे.

शेतात पूर्वी कोदो, कुटकी, सावा, ज्वारी, मका. आता सोयाबीन आणि तूर पुष्कळ. रानातून मोहफुलं, चारोळी, तेंदूपत्ता, हिरडा, आवळा, मध. सरकार हल्ली ‘श्रीअन्न’ म्हणून भरड धान्यांचं कौतुक करतं. ती धान्यं टिकवून ठेवणारे हात कोणाचे, हे त्याच धड्यात आलं पाहिजे.

मातीच्या दोन बाहुल्या आणि सागवानी खांब

कोरकूंची उत्पत्तिकथा मुलांना फार आवडते. ती थोडक्यात अशी. सातपुडा-विंध्याचं रान ओसाड पाहून रावणानं महादेवाला विनवलं, इथे माणसं वसव. महादेवानं कागेश्वर कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडलं. त्या मातीच्या एक पुरुष आणि एक बाई अशा दोन बाहुल्या केल्या. तेवढ्यात इंद्राचे घोडे आले आणि त्यांनी त्या तुडवल्या. पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. मग महादेवानं कुत्रा तयार केला, त्यानं घोडे हुसकावले, आणि बाहुल्यांत प्राण घातले गेले. ते मुला आणि मुलाई, कोरकूंचे मूळ आई-बाप.

ही कथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदली आहे. तो ग्रंथ शिक्षकांनी जरूर पाहावा, पण राज्य करणाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलेला म्हणून पाहावा. त्यातली कितीतरी विधानं आज वर्गात उच्चारू नयेत अशी आहेत. कथा घ्यायची ती गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून.

या कथेतला रावण मुलांच्या नेहमीच्या रावणाशी जुळत नाही, आणि तिथे शिक्षक अडखळतात. मेळघाटात रावण आणि मेघनाद यांना मान आहे, मेघनादाचा खांब उभारून पूजा होते. दसऱ्याला शाळेच्या मैदानावर पुतळा जाळताना वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी त्याच नावाला हात जोडतात, हे लक्षात ठेवलं पाहिजे. कोणती कथा खरी हा वाद घालू नये. शेजारच्या घरी ती वेगळी सांगतात, एवढं शांतपणे सांगितलेलं मुलांना पुरतं. मोठ्यांनाच ते जड जातं.

आता खांबाविषयी. कोरकूंचा सिडोली नावाचा विधी आहे. माणूस गेल्यावर काही काळानं, कधी वर्षांनी, सोयीनुसार होतो. त्यात मृतांच्या नावानं मुंडा उभारतात. मुंडा म्हणजे लाकडाची कोरीव फळी किंवा खांब, शक्यतो सागवानी. जवळून पाहिला तर वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र कोरलेले दिसतात, खाली घोड्यावर बसलेला स्वार, कधी हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची रांग. आडव्या-तिरप्या रेषांची चौकट असते, खोदकाम खोल आणि निश्चयी. गावाबाहेर झाडाखाली जुने मुंडे पावसानं करडे पडून उभे असतात. हे कुणाचे तरी आजोबा-पणजोबा आहेत. त्यामुळे चित्रकलेच्या तासाला पुठ्ठ्याचे मुंडे करून प्रदर्शनात मांडू नयेत, हे माझं ठाम म्हणणं आहे. सहलीत दिसले तर विचारून थांबावं, पाहावं, हात लावू नये.

होळी

मेळघाटचा सगळ्यांत मोठा सण दिवाळी नव्हे, होळी. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेलेली माणसं अमरावती, अकोला, परतवाडा, मध्य प्रदेश, जिथे असतील तिथून होळीला गावी परततात. वीटभट्टी रिकामी होते, बांधकाम थांबतं. आपल्या शहरातले ठेकेदार दरवर्षी यावर वैतागतात. गावात मात्र ढोल-बासरी सुरू असते, गदली-सुसूनचा नाच रात्र-रात्र चालतो, बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरतात, रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीची बक्षिशी, मागितला जातो. दिवाळीनंतर भरणारा घुंगरू बाजार वेगळा. तो गुराख्यांचा, थाट्यांचा.

शाळेच्या दृष्टीनं या स्थलांतराला महत्त्व आहे. अकोल्याच्या महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवाळीनंतर अचानक दाखल झालेलं आणि मार्चमध्ये गायब होणारं मूल कोरकू असू शकतं. हजेरीपटावर ते ‘अनियमित’ असतं.

जंगल कोणाचं: दोनशे वर्षं

इतिहासाच्या पुस्तकात १८०३ आहे. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीनं गाविलगड घेतला. पहिलं ठिकाण अकोला जिल्ह्यात, दुसरं अमरावतीत. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. यानंतर पुस्तक मेळघाट सोडून देतं, आणि कोरकूंच्या दृष्टीनं खरी उलथापालथ इथूनच पुढे सुरू होते. सागाला भाव होता. जंगलं राखीव झाली, डोंगरउतारावरची फिरती शेती बंद पडत गेली, रानात राहणारा माणूस वनखात्याच्या परवानगीनं राहू लागला. वनग्रामं वसली ती जंगलकामाला मजूर हाताशी हवेत म्हणून.

१९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट होता. वाघ वाचला ही मोठी गोष्ट आहे आणि मुलांनी ती अभिमानानं शिकावी. पण गाभ्यातली गावं उठली हेही त्याच धड्यात यावं. बोरी, कोहा, कुंड ही या शतकाच्या सुरुवातीला उठलेली पहिली गावं. पुढे अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. यांतली बरीच अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसवली गेली. रानात वाढलेल्या माणसांना मोबदला मिळाला, पण शेती, रोजगार, सोयी यांवरून नाराजी साचली. काही कुटुंबं जंगलात परत गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये गावकरी आणि पोलिस-वनकर्मचारी यांच्यात संघर्ष झाला, दोन्हीकडचे जखमी झाले. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगण्याइतकी मोठी समजावं. दोन्ही बाजू मांडून चर्चा घेता येते, आणि अकोटच्या वर्गात तर त्या गावांतली मुलंच बसलेली असतात.

याच धड्यात पायविहीर घ्यावं. मेळघाटच्या पायथ्याचं हे कोरकू गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला १९२ हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावानं चराई आवरली, पाणी अडवलं, झाडं लावली. रान परत आलं, सीताफळं थेट मुंबईच्या बाजारात गेली, आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोरकू म्हणजे मदत घेणारा, ही प्रतिमा मोडायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कुपोषणाविषयी बोलताना

विषय टाळू नये. १९९३ पासून मेळघाटचे बालमृत्यू बातम्यांत आहेत आणि प्रश्न संपलेला नाही. पण तो समाजाचा स्वभाव म्हणून न सांगता कारणांसह सांगावा. दवाखान्याचं अंतर, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, लहान वयातली लग्नं, स्थलांतर, जंगलातून मिळणाऱ्या अन्नात झालेली घट. बैरागडला आयुष्य काढलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मुलांना जरूर सांगावं.

तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईचे चटके देणं, ज्याला डंबा म्हणतात, ते घातकच आहे आणि तसंच सांगितलं पाहिजे. फक्त ते सांगताना वर्गानं एका मुलाकडे वळून पाहू नये, एवढी काळजी शिक्षकानं घ्यावी.

अमेरिकेतला एक दाखला

न्यूयॉर्क राज्यात चौथीच्या मुलांना होडेनोशोनी लोकांविषयी शिकवतात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि पुढे आलेले टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ, इरोक्वॉय नावानंही ओळखला जातो. त्यांच्यात कुळाच्या माता प्रमुख निवडतात, करारांच्या आठवणी शिंपल्यांच्या मण्यांच्या पट्ट्यांत विणलेल्या आहेत. वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयानं शिक्षकांसाठी या समाजावर खास हस्तपुस्तिका काढली आहे.

त्यांच्याकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. हे लोक आजही आहेत, म्हणून त्यांच्याविषयी वर्तमानकाळात बोलायचं. त्यांचा लॅक्रॉसचा संघ स्वतःच्या पासपोर्टवर परदेशी खेळायला जातो, आणि २०१० मध्ये ब्रिटननं तो पासपोर्ट नाकारला तेव्हा संघानं स्पर्धाच सोडली. दुसरी गोष्ट, पवित्र वस्तूंना हात लावायचा नाही. औषधी विधींच्या मुखवट्यांच्या नकला करू नयेत, ते मांडू नयेत, असं त्यांच्या महासभेनं जाहीर केलं आहे. मुंड्याबद्दल वर जे म्हटलं त्याला हाच आधार आहे.

वर्गात काय करता येईल

पहिली-दुसरीत आकडे आणि प्राण्या-झाडांची नावं, मातीच्या बाहुल्यांची गोष्ट. तिसरी-चौथीत गावाची रचना, धान्यं, नद्या. पाचवीच्या पुढे भाषाकुळं आणि स्थलांतर. नववीत वनहक्क, पेसा, पुनर्वसन. वेगळा तास लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, कोरकू माणूस वर्गात आला पाहिजे. ज्याला गोष्ट सांगता येते असा आजा, ढोल वाजवणारा, आशाताई, वनरक्षक, कोरकू शिक्षक. त्याला पाहुणा म्हणून बोलवावं, येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन द्यावं, वर्गात त्याच्या भाषेत बोलू द्यावं आणि मुलांमधलं कुणी भाषांतर करणारं असेल तर त्याला पुढे करावं. ९ ऑगस्टला आदिवासी दिनी पानांची झालर कमरेला बांधून केलेला नाच यात मोडत नाही. कोरकू बाई लुगडं नेसते, कोरकू तरुण जीन्स घालतो. झालर कोणीच घालत नाही.

आश्रमशाळांची गोष्ट आणखी निकडीची आहे. तिथे पहिलीत आलेलं मूल घरी फक्त कोरकू ऐकून आलेलं असतं आणि फळ्यावर मराठी असते. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असं संविधानाचं कलम ३५०क राज्यांना सांगतं. सपाटीवरून बदली होऊन गेलेल्या शिक्षकानं पहिल्या महिन्यात शंभर कोरकू शब्द शिकले तरी त्या वर्गातला गोंगाट आणि गप्पपणा दोन्ही बदलतात.

या हिवाळ्यात सहलीची बस चिखलदऱ्याला नेणार असाल, तर एक पॉइंट कमी करा. तो वेळ घाटातल्या एखाद्या गावच्या शाळेला द्या, आधी कळवून जा, आणि आपल्या मुलांना तिथल्या मुलांकडून दहापर्यंत मोजायला शिकू द्या.